डेकखालची चिठ्ठी

३ जानेवारी

भाऊजी,

वर नमस्कार-बिमस्कार काही लिहिलेलं नाही. नऊ वर्षांनी लिहिते आहे. त्यात सप्रेम लिहिलं तर तुम्हालाच हसू येईल आणि सगळं कुशल म्हटलं तर मी खोटी ठरेन. कुशल नाही.

आधी फोन करून पाहिला. तीनदा केला, तिन्ही वेळा माझा आवाज ऐकताच तुम्ही ठेवून दिलात. चौथ्यांदा मी बोललेच नाही, नुसता फोन कानाशी धरून बसले, तर तुम्ही किती वेळ हॅलो हॅलो करत राहिलात. बरं वाटलं ऐकून. मग मला मेलीला नेमका खोकला आला. म्हणून आता पत्र, तेही पोचपावतीसकट. कागद फार तर फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस एकदा तरी वाचतोच.

तुमच्या दादांना पक्षाघात झाला आहे. एकवीस नोव्हेंबरला, सकाळी, टेबलापाशीच. हातात काचपेपर होता, तो पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मी आतून विचारलं, चहा टाकू का, तर उत्तर नाही. ते नेहमीचंच, म्हणून मी चहा टाकला. कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते खुर्चीत एका अंगावर कलले होते. तो चहा गाळण्यात माझी पाच-सात मिनिटं गेली, ती मी रोज मोजते.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला. तोंड डावीकडे ओढलं गेलंय. बोलणं गेलं, सगळ्या बोलण्यातून एकच शब्द उरला आहे, 'थांब'. भूक लागली का विचारलं की थांब. पाठ दुखते का, थांब. डॉक्टर म्हणाले, कसं वाटतंय आजोबा, त्यावर थांब. डॉक्टरांनी सांगितलं की अशा आजारात कधी कधी एखादाच शब्द जिभेवर राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. म्हणजे पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला जो शब्द सगळ्यात जास्त ऐकावा लागला, तोच नेमका राहिला.

डॉक्टर असंही म्हणाले की पहिले तीन महिने खरे. त्यात माणसाने मनावर घेतलं तर उठून बसतो, चमचा धरतो. नाही घेतलं तर खंगत जातो आणि मग छाती भरते. तुमच्या दादांनी मनावर घेतलेलं नाही. चमचा जवळ नेला की ओठ मिटतात. दिवसभर नजर एकाच ठिकाणी, टेबलावरच्या जहाजावर.

हे जहाज तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही गेल्यावर त्यांनी कंपन्यांसाठी छोटी लाकडी जहाजं करणं बंद केलं आणि हे एकच घेऊन बसले. तीन डोलकाठ्यांचं आहे, हातभर लांब. अक्रोडाची एकेक पट्टी गरम पाण्यात भिजवून, वाकवून, फासळ्यांवर बसवलेली. अंग असं झालंय की बोट फिरवलं तर जोड लागत नाही. गिऱ्हाईक कोण म्हणून विचारलं की म्हणायचे, आहे एक. पण नऊ वर्षांत त्यावर एक दोर चढला नाही. दोर चढवणं तुमचं काम. ते अंग घडवायचे, तुम्ही दोर बांधायचात, आणि तुमच्या कामात त्यांनी कधी बोट घातलं नाही. डोलकाठ्या बोडक्याच उभ्या आहेत.

तेव्हा या. चार दिवस या, दोर बांधा आणि जा. त्यांच्याशी बोलू नका हवं तर, तेही बोलायचे नाहीत. तुमचं भांडण त्यांच्याशी, माझ्याशी तुमचं काय वाकडं? मी तर त्या दिवशी शिवणाच्या मशीनवर बसले होते. मला त्यातलं काहीसुद्धा ठाऊक नाही.

तुमची वहिनी

१३ जानेवारी

भाऊजी,

पोचपावती परत आली. त्यावर माझ्या धाकट्या जावेची सही आहे, अजून शाळकरी मुलीसारखी गोल गोल. म्हणजे पत्र घरात गेलं. पुढे तुमच्या हातात गेलं की चुलीत, ते पोस्ट सांगत नाही.

यांची तब्येत सांगते. छातीचं माप अडतीस होतं, परवा चौतीस भरलं. शिवणाऱ्या बाईला वजनकाटा लागत नाही. त्यांचे सदरे मी दोनदा आत घेतले. आता तिसऱ्यांदा घ्यायचे तर कापड कापावं लागेल, आणि ते मी करणार नाही. कापलेलं परत सोडता येत नाही. त्यांना अजून अंगाने भरायचंय.

व्यायाम करवायला एक मुलगी येते. पाय उचलते, हात उचलते, आजोबा एक, आजोबा दोन. यांचा हात तिने सोडला की धप्पकन खाली. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, हात-पाय मी हलवीन, पण यांना उठायचंच नसेल तर मी काय करू? कशासाठी उठायचं ते त्यांना दाखवा."

मग मी ठरवलं, भाऊजी येत नाहीत तर वहिनी बांधेल. हसू नका. तुमच्या जहाजांची शिडं कोण शिवायचं? शिडीसारख्या आडव्या दोऱ्यांच्या गाठी तुम्हाला कंटाळा आला की कोण मारायचं? भिंग लावलं, चिमटा घेतला, आणि मधल्या डोलकाठीला दोन्ही अंगांनी आवळून धरणारे ते जाड दोर असतात ना, ते घ्यायला बसले. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. आम्ही शिवणकाम करणारी माणसं एक बाही पुरी करतो, मग दुसरी. तशी मी डावी बाजू घेतली. सहाच्या सहा दोर बांधले, छान ताणून. तीन दिवस लागले. मान मोडून गेली.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्यासमोर जहाज फिरवलं, मोठ्या दिमाखात म्हटलं, बघा! आणि डोलकाठी पाहिली तर ती डावीकडे झुकून बसली होती. उजव्या बाजूला धरणारं कोणी नाही, तर ती बिचारी काय करणार. एक दोर इकडे, लगेच एक तिकडे, असं जोडीजोडीने घ्यायचं असतं, हे मी तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. पण ऐकणं वेगळं आणि हातात असणं वेगळं.

मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात आवाज आला. पहिल्यांदा मला वाटलं यांना उचकी लागली. भाऊजी, ते हसत होते. अर्ध्या तोंडाने. डोलकाठी डावीकडे, तोंड डावीकडे, आणि डोळ्यांतून पाणी. मग मीही हसले. त्या दुपारी वाटीभर पेज खाल्ली त्यांनी. पूर्ण वाटी. मी वाटी धुतली नाही बराच वेळ, तशीच ठेवली होती समोर.

दोर सगळे सोडले. आता जोडीजोडीने घेते आहे. पण पुढचे बारीक दोर, आडव्या काठ्यांपासून खाली डेकवरच्या खुंट्यांना येणारे, दीडशेच्या वर आहेत. कोणता कुठल्या खुंटीला, हे तुमच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही. ते तेवढं लिहून पाठवा. यायचं नसेल तर येऊ नका. नाही, हे खोटं लिहिलं. यायचं नसलं तरी या.

वहिनी

३० जानेवारी

भाऊजी,

पार्सल मिळालं. तीन रिळं आणि एक नकाशा, लाल पेन्सिलीने एक ते एकशे बासष्ट आकडे घातलेला. दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला, पुडक्याचा कागदसुद्धा उलगडून पाहिला. एक शब्द नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुम्हा दोघा भावांकडे बघूनच कोणी तरी म्हटलं असणार.

पण तुम्ही पत्र वाचलंत. आणि बसून एकशे बासष्ट आकडे लिहिलेत. एवढं करायला तुम्हाला दोन दिवस तरी लागले असतील, हे मला कळतं.

रीळ यांच्या नाकाशी नेलं. तुम्ही मेणात लवंगेचं तेल घालता ना, तो वास अजून तोच. त्यांनी डोळे मिटले. डाव्या मुठीत रीळ धरलं ते सोडेचनात, जेवतानाही नाही, अंग पुसतानाही नाही. आणि जेवले! आठ दिवस जेवले. व्यायामवाल्या मुलीने हात सोडला तर तो खाली पडायच्या आधी क्षणभर वर राहिला. ती नाचायचीच बाकी होती.

आकड्यांप्रमाणे मी आतल्या खुंट्यांपासून बाहेर येत गेले. त्यांना टेबलापाशी खुर्चीत बसवायचं, उशा लावायच्या, आणि मी बांधायचं. गाठ चुकली की थांब. मी सोडायची, परत मारायची. बरोबर आली की काहीच नाही. माझ्या मनात येऊन गेलं की हा शब्द नुसता राहिलेला नाही, ते तो वापरतायत. डॉक्टरांना सांगितलं, तर ते बरं बरं म्हणाले.

आता जे झालं ते सांगते, ओरडू नका.

चार दिवसांपूर्वी एकशे बासष्टावा दोर बांधला. नांगर लावला. सगळं झालं, फक्त मधल्या डेकवरचं ते चौकोनी झाकण राहिलं होतं, पोस्टाच्या तिकिटाहून थोडंसं मोठं. नऊ वर्षं ते तसंच डबीत पडून आहे. मला वाटलं, तेवढं लावलं की जहाज पुरं. यांना किती बरं वाटेल. कडेला गोंद लावला, चिमट्याने उचललं, आणि खाली नेते तोच त्यांनी डावा हात फिरवला. एवढा जोर त्या हातात आहे हे मला ठाऊकच नव्हतं. झाकण एकीकडे, गोंदाची बाटली दुसरीकडे, सहा दोर तुटले. थांब, थांब, थांब, ओरडत होते. घसा फुटेपर्यंत.

तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. चार दिवस पाण्याच्या घोटापलीकडे काही नाही, आणि त्या घोटालाही ठसका लागतो. मी हात जोडले, रागावले, पाया पडले. एकदा तर म्हणाले, मरायचं असेल तर सरळ सांगा, मी माझंही बघते. असं बोलायला नको होतं, पण बोलले.

मला कळतंय त्यांना काय झालं असेल ते. त्या झाकणापाशी माझा हात जायलाच नको होता. का, ते आज लिहिण्याची माझी हिंमत नाही. तुम्ही आलात तर तोंडाने सांगेन. शपथ घेऊन सांगते, सांगेन.

तुटलेले सहा दोर बांधायला तरी या.

वहिनी

९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही येणार नाही. मी उगीच काखेत कळसा ठेवून गावभर हिंडते आहे. तुम्ही ज्यावरून रुसलात त्यातलं खरं काय, हे जगात फक्त दोघांना ठाऊक आहे, आणि त्यातल्या एकाची वाचा गेली. तेव्हा उरले मी.

तुमची रीत तुम्हाला सांगायला नको. जहाजाचं झाकण बंद करण्याआधी आत चिठ्ठी सोडायची. अक्षरांच्या पट्टीने, खाचांतून पेन फिरवून काढलेली सुबक अक्षरं, हात कोणाचा ते कळायचं नाही, पहिल्या ओळीत दादांचं नाव, मग 'आणि', खाली तुमचं, शेवटी तारीख. चिठ्ठी धाकट्याने सोडायची, झाकण मोठ्याने चिकटवायचं. कोणी वाचणार नसतं. जहाज फुटेल तेव्हाच ती बाहेर यायची, आणि तुमची जहाजं कुठली फुटायला. किती वेळा मी दारात उभी राहून पाहिलं ते. तुम्ही दोघं अगदी गंभीर, आणि मी हातात चहाचे कप घेऊन.

ते मोठं जहाज आठवा, जहाज कंपनीच्या दालनासाठीचं. तुम्ही दोर अर्ध्यावर टाकून गेलात, धाकटीच्या आईला बरं नव्हतं म्हणून. दोन महिने. इकडे यांच्या बोटात पातं घुसलं, टाके पडले. कंपनीचे लोक रोज विचारायला येत. राहिलेले दोर मी बांधले, भाऊजी. आडव्या दोऱ्यांच्या चौदाशे गाठी मी मारल्या. दिवसा शिवण, शिवण आटोपली की गाठी. आणि मनातल्या मनात तुम्हाला शिव्या. सासूची सेवा करायला जावई गेलाय दोन महिने, बघा कौतुक! असं मी शेजारणीलाही बोलले होते. आजारी माणसाजवळ बसायचं म्हणजे काय, ते मला आत्ता कळतंय.

शेवटच्या दिवशी यांचं बोट बांधलेलं, म्हणून हे म्हणाले, चिठ्ठी तू काढ. पट्टी माझ्या हातात दिली आणि आत गेले. मी पहिली ओळ काढली. 'आणि' काढलं. मग थांबले. मला वाटलं, इथे माझं नाव का नको? इतक्या जहाजांची शिडं शिवली, या जहाजाच्या चौदाशे गाठी माझ्या, माझं नाव कुठल्या लाकडात आहे? पट्टीवर माझ्या नावाचं पहिलं अक्षर शोधलं. पेन टेकवला. आणि धीर झाला नाही. लोक काय म्हणतील म्हणावं तर ती चिठ्ठी कोण वाचणार होतं? तरी धीर झाला नाही. मग तुमचं लिहायचं, ना? तेही हाताने लिहवेना. जागा तशीच कोरी ठेवली, तारीख घातली, घडी केली आणि आत सोडली. यांनी न वाचता झाकण चिकटवलं. माझ्यावर विश्वास होता म्हणून.

वर्षभराने कंपनीच्या नोकराच्या हातून जहाज पडलं आणि दुरुस्तीला आलं. अंग फुटलेलं, डेक तुम्ही उघडलंत. चिठ्ठी टेबलावर ठेवलीत आणि विचारलंत, "दादा, ही तू काढलीस?"

मी मशीनवर होते. यांनी चिठ्ठी बराच वेळ पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "हो."

तुम्ही म्हणालात, "'आणि'च्या पुढे काय, दादा?" त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. तुम्ही हत्यारांची पेटी उचललीत आणि गेलात. मी मशीन चालवत होते. सुईखाली कापड नव्हतं, भाऊजी. नुसतं चालवत होते.

एक शब्द बोलले असते तर तुम्ही थांबला असतात. दुसऱ्या दिवशी बोलले असते तरी चाललं असतं. मग आठवडा झाला, मग वर्ष झालं, आणि मग ते सांगायला फार मोठं होऊन बसलं. यांनी मला कधी विचारलं नाही. एकदाही नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

तुमच्या दादांनी तुम्हाला नाव नाकारलं नाही. मी नाकारलं. त्यांनी माझ्यासाठी तुम्हाला गमावलं.

माझ्यावर राग धरा. जन्मभर धरा, मी तक्रार करणार नाही. मी घरात नको असेन तर सांगा, तुम्ही असाल तेवढे दिवस मी शेजारी जाऊन राहीन. पण त्यांच्यासाठी या. तीन महिन्यांतले बारा दिवस उरलेत.

वहिनी

२० फेब्रुवारी

भाऊजी,

अकरा दिवस झाले. तुमचं काही नाही. मला ते कळतं. तुमच्या जागी मी असते तर पत्राचे तुकडे करून परत पाठवले असते.

पण एक राहिलं होतं. तुम्हाला लिहिलं ते त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. ज्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं त्यांच्याशीच मी खरं बोलले नव्हते. काल दुपारी त्या पत्राचा कच्चा कागद घेऊन त्यांच्या उशाशी बसले आणि पहिल्यापासून वाचला. पाठ माझ्याकडेच होती, वाचणं सोपं गेलं. पेन टेकवला आणि धीर झाला नाही, इथपर्यंत आले, आणि ते म्हणाले, थांब.

मी थांबले. मला वाटलं ऐकवत नाही. पण त्यांनी मान वळवली. किती दिवसांनी माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताचं बोट टेबलाकडे केलं. जहाज उचलून आणलं, पलंगावर त्यांच्या मांडीशी ठेवलं. त्यांनी बोट डेकवरच्या त्या चौकोनी भोकावर ठेवलं आणि टकटक केलं.

भोकाच्या कडेला आतून एक बारीक चूक ठोकलेली आहे, टाचणीएवढा खिळा, आणि तिला दोरा गुंडाळलेला. मी तो कितीदा पाहिला होता. वाटलं होतं, असेल काही तरी राहिलेलं. चिमट्याने ओढला. दोऱ्याच्या टोकाला घडी केलेली चिठ्ठी.

अक्षरांच्या पट्टीने काढलेली. शाई जुनी झालेली, म्हणजे आजची-कालची नाही. तारखेची जागा कोरी. आणि तीन ओळी, भाऊजी. पहिली तुमची. मग 'आणि', आणि दुसरी माझी. नुसतं माझं नाव. पंचेचाळीस वर्षांत या घरात ज्या नावाने मला कोणी हाक मारली नाही ते. मग पुन्हा 'आणि', आणि सगळ्यात खाली त्यांचं.

ती कोरी जागा कुणाची होती, हे त्यांनी त्याच दिवशी ओळखलं होतं. 'आणि'च्या पुढे पेन टेकवल्याचा एक ठिपका राहिला असेल, तेवढ्यावरून. लाकडावरचा केस दिसायचा त्यांना, ठिपका कसा सुटेल. नऊ वर्षं मी चोरासारखी वागले आणि त्यांनी माझं नाव काढून, घडी करून, दोऱ्याला बांधून ठेवलं होतं.

त्या दिवशी गोंद उडवला तो रागाने नाही. चिठ्ठी धाकट्याने सोडायची, झाकण मोठ्याने लावायचं. तुमच्यावाचून ते लागणारच नव्हतं. गिऱ्हाईक आहे एक, म्हणायचे ते तुम्ही. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्या शब्दाला अर्थ नाही आणि मी ते ऐकलं.

आता वाईट सांगते. छाती भरली आहे. अन्न श्वासाच्या नळीत जातं म्हणतात. आज सकाळी डॉक्टर येऊन गेले, दवाखान्यात हलवावं लागेल म्हणाले, आणि मग मला बाहेर बोलावून हळू आवाजात बोलायला लागले, तेव्हा मी ऐकून घेतलं नाही. सरळ आत आले. त्यांचा श्वास घरघरतोय, मधेच अडतो. अडला की मी श्वास धरते.

मघाशी असाच अडला. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, थांबा. इतकी वर्षं त्यांनी मला म्हटलं, आज पहिल्यांदा मी त्यांना म्हटलं. भाऊजींना बोलावलंय, ते येईपर्यंत थांबा. त्यांनी मान हलवली. हो म्हणाले, भाऊजी. दिलेला शब्द ते मोडत नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे. पण हा शब्द पाळणं त्यांच्या हातात किती आहे, ते मला माहीत नाही.

पोस्टाने जायला वेळ लागेल म्हणून हे हातोहात पाठवते आहे. माफी मागत नाही, तेवढा वेळ नाही. या.

२१ फेब्रुवारी, सकाळी, दारावर

भाऊजी,

धाकटीचा फोन आला. 'निघालेत' एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. पण गाडी दाराशी आली आहे, थांबता येत नाही, यांना नेते आहे. मोठा दवाखाना, दुसरा मजला, जिना चढून डावीकडे. कोणी अडवलं तर सख्खा भाऊ आहे म्हणून सांगा.

किल्ली शेजारी घड्याळवाल्यांकडे आहे. घरात आधी टेबलापाशी जा. चिठ्ठी मी परत आत लोंबकळत सोडली आहे, दोरा चुकेला आहे. डबीत झाकण आहे, बाजूला गोंद. तारीख घातलेली नाही. पेन खिशात ठेवा.

जहाज घेऊन या. हो, तसंच्या तसं, उचलून. गाडीत मांडीवर धरा. दार लहान पडलं तर तिरकं करा. दोर तुटतील, डोलकाठ्या मोडतील, मोडू द्या. नऊ वर्षांचं काम आहे म्हणून जपत बसू नका, पुन्हा बांधू. फक्त झाकण लावू नका. ते त्यांनी डाव्या हाताने लावायचं आहे.

पत्र पुरं वाचत दारात उभे राहू नका. लवकर. ते थांबलेत.